एलिचपूरचा अर्धा पैसा आणि माझा पंचनामा

आधी चहा संपवा. खरंच सांगतो, घोट गिळा आणि मग ऐका. हा किस्सा ऐकताना तोंडात चहा असलेल्या दोन माणसांनी आजवर माझे दोन शर्ट खराब केलेत.

माझ्याइतका सावध माणूस नांदुरा तालुक्यात दुसरा नाही, असं मी मानत होतो. लोक मानत होते की नाही, ते सोडा. पण त्याच सावधपणानं माझी अशी काही जिरवली की अजूनही ग्रुपवर कोणी हसणारं तोंड टाकलं, की मला वाटतं माझ्यावरच हसतोय.

झालं होतं काय, की या किश्श्याच्या आदल्या साली मी बोगस बियाण्यात फसलो होतो. बीटी कपाशीची थैली, वर हे एवढाले बोंडांचे फोटो. पेरलं. उगवलंच नाही! तक्रार घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, "थैली कुठे? टॅग कुठे? पक्कं बिल कुठे? थैलीत मूठभर बी राखून ठेवलं होतं का?"

आता थैलीत तर आमच्या बायकोनं, मंदानं, धने भरून ठेवलेले! साहेब हसले. त्या हसण्याचा मला एवढा राग आला की तेव्हापासून मी काडीपेटी घेतली तरी बिल मागायला लागलो.

नाण्यांचा नाद त्यानंतरचा. बोंडअळीनं गावातली सगळी तोंडं उतरलेली, पारावर बसलं की तेच रडगाणं, घरी आलं की तेच. जीव कुठेतरी रमवायचा तर होता. रशीदभाईंनी तो नाण्यांत रमवला. रशीदभाई म्हणजे नांदुऱ्याला मार्केटच्या बाजूला वजनकाटे दुरुस्त करतात ते. हातावर नाणं ठेवलं की नुसत्या वजनावरून खरं-खोटं सांगणार.

आमचा नाणेवाल्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर कोणी नवा विक्रेता आला, की लोक एकच प्रश्न विचारायचे: "रशीदभाई, माणूस कसा आहे?" रशीदभाईंनी "चांगला" म्हटलं, की डोळे मिटून व्यवहार. ना घरात गाडी, ना शेत; त्या माणसानं उभ्या जन्मात कमावलं ते एवढंच, की त्यांचा शब्द चालतो. हे नीट लक्षात ठेवा, कारण मी पुढे त्या शब्दावरच ट्रॅक्टर घालणार आहे.

मला पाहिजे होता एलिचपूरचा अर्धा पैसा. एलिचपूर म्हणजे आपलं अचलपूर. तिथे निजामाच्या काळी टांकसाळ होती. आपल्या वऱ्हाडात पाडलेलं नाणं आपल्या डब्यात नसावं? मी ते प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नव्हतं, पण त्यावर ग्रुपवर भाषणं मात्र बरीच ठोकली होती.

एक दिवस नाशिकच्या खैरनारसाहेबांनी ते ऑनलाइन विकायला काढलं. मी त्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. दोन्ही बाजूंचा फोटो द्या, काठाचा द्या, वजन करताना काट्यासकट द्या, परत घेण्याची अट लिहून द्या. बिचाऱ्यानं सगळं दिलं! तरी माझं आपलं चालूच. शेवटी रशीदभाई वैतागले.

"भाऊ, तुमी नाणं घेऊन राह्यले का पोरीले स्थळ पाहून राह्यले? मी देतो ना जबान! खोटं निघालं तं माझ्याकडे या."

मग मी पैसे पाठवले.

पार्सल आलं. आता ते कसं उघडायचं, हे मी आधीच ठरवलं होतं. पंचनामा! पोलीस पाटलांना बोलावलं, शेजारच्या तुकारामला बोलावलं, आणखी चार रिकामी माणसं आपोआप आली. पाटलांच्या हातात मोबाइल दिला आणि म्हटलं, "मी सांगीन तवापासून शूटिंग चालू. मधात बंद कराचं नाई, नाही तं पुरावा बाद होते."

पाटील म्हणाले, "माह्या पोराच्या लग्नात नाई केली बावा एवढी शूटिंग."

मी घसा साफ केला. "आज रोजी, पंचांसमक्ष, हे सीलबंद पार्सल मी उघडत आहे." विळ्यानं टेप कापला. वरचे कागद, भुसा, पुड्या बाजूला सारल्या. आत मखमलीची लाल डबी. डबी उघडली.

आतून निघालं तळहाताएवढं, पिवळंजर्द, चकाचक गरगरीत काहीतरी. त्यावर सोंड वर केलेला हत्ती!

मला हवा होता तांब्याचा काळपट, इवलासा अर्धा पैसा. उलटं केलं तर मागे सुबक अक्षरात: 'सस्नेह. खैरनार, नाशिक.'

"काऊन बे," पाटील मोबाइल हलू न देता म्हणाले, "निजामाच्या नाण्यावर नाशिक काऊन?"

तुकाराम म्हणाला, "तवा निजामाचं राज नाशिकलोक असंल."

"अन् खैरनार?"

"दिवाण असंल त्याचा."

हसू नका! त्या क्षणी मलाही दोन मिनिटं वाटलं, की असेलही एखादा खैरनार दिवाण. मग डोकं तापलं. इतका निर्ढावलेला ठग? खोट्या नाण्यावर स्वतःचंच नाव पाडतो? मी पाटलांच्या हातातला मोबाइल ओढून घेतला आणि तिथल्या तिथे फोन लावला.

"मिळालं का पार्सल?" खैरनारसाहेबांचा आवाज असा गोड, की मी आणखीच पेटलो.

"मिळालं ना! हे काय पाठवलं तुमी?"

"आवडली का भेट?"

"भेट? इथं माहा जीव चाल्ला अन् तुमाले मस्करी सुचून राह्यली? नाणं कुठं हाये?"

"अहो, नाणं आतच आहे. नीट उघडून बघा ना."

आणि आमच्या गावची रेंज गेली. ती नेमकी अशाच वेळी जाते.

नाणं आत आहे. कशाच्या आत? डबी उलटी केली, रिकामी. मखमल सोलली, खाली पुठ्ठा. मग उरलं काय? तो हत्ती! आम्ही सातही जण हत्तीकडे पाहायला लागलो. तुकारामनं तो कानाशी धरून हलवला आणि म्हणाला, "काईतरी वाजून राह्यलं बरं का."

काही वाजत नव्हतं. पण तो म्हणाला म्हणून मलाही ऐकू यायला लागलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रशीदभाईंच्या दुकानात. त्यांनी हत्ती हातावर तोलला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा तोलला.

"भाऊ, हे भरीव हाये."

"तुमी कापा तं खरं!"

त्यांनी तो शिकंज्यात अडकवला आणि आरीपात्यानं मधोमध कापला. पिवळा भुसा पडला. हत्तीची सोंड एकीकडे आणि शेपूट दुसरीकडे. आतून आरपार पितळ.

"ग्रुपवर टाकतो," मी म्हणालो.

"दोन दिस थांबा. मी खैरनारसंग बोलतो. काईतरी घोळ झाला असंल."

थांबलो का? मी कसला थांबतो! दोन तुकडे शेजारी ठेवून फोटो काढला आणि खाली लिहिलं: 'सावधान! नाशिकचा ठग! शेतकऱ्याची फसवणूक!' तीन उद्गारचिन्हं आणि एक लाल दिवा.

ग्रुप असा पेटला की विचारता सोय नाही. पण आग खैरनारांच्या घरी लागायच्या आधी आमच्या नांदुऱ्यातच लागली. कोणीतरी विचारलं, "रशीदभाई, या माणसाला चांगला तुम्हीच म्हणाला होता ना?" दुसरा म्हणाला, "मग मागच्या साली मी तुमच्या शब्दावर घेतलं ते नाणं तरी खरं आहे का?" तिसऱ्यालाही तीच शंका आली.

रशीदभाईंनी एकच ओळ लिहिली. "मीच जबान दिली होती. चूक माझी."

ती ओळ वाचून मला कसंतरीच झालं. वाईट वाटलं, अगदी खरं सांगतो. पण मी सगळं वाईट वाटणं खैरनारांच्या नावावर टाकून दिलं आणि पैसे परत द्या म्हणून आणखी जोरात भांडायला लागलो. चार-पाच दिवस हेच; खैरनारांना मी वाक्य पुरं करूच देत नव्हतो. जेवताना फोन, धारेला बसताना फोन. रशीदभाईंच्या दुकानात गेलो तर ते काट्यातून मान वर करीनात.

अखेर खैरनारसाहेबांनी शांतपणे लिहिलं, "भाऊ, नाणं मी नक्की पाठवलं आहे. कदाचित आपल्याला ते ओळखू आलं नसेल."

ओळखू आलं नसेल? मला? नाणं?

घरात सतरंजी अंथरली. माझा नाण्यांचा अख्खा डबा तिच्यावर उपडा केला. सगळी नाणी ओळीनं मांडली, वरून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली झोकात लिहिलं, 'बघा, नाणं कशाला म्हणतात ते! आम्हाला शिकवू नका!'

मग खैरनारसाहेबांचं उत्तर आलं.

"तिसरी ओळ, उजवीकडून दुसरं. तेच माझं नाणं." सोबत त्यांचा जुना फोटो. काठाला एक चीर असलेला.

मी सतरंजीवर वाकलो. तिसरी ओळ. उजवीकडून दुसरं. काळपट, इवलासं, चिंचोक्यापेक्षा जरासं मोठं. काठाला चीर!

मी ते उचललं. ठेवलं. पुन्हा उचललं. हे इथे आलं कसं? मला वेड लागलं का? खैरनार रात्री भिंत चढून येऊन टाकून गेले का? की हे आधीपासूनच माझ्याकडे होतं? मग मी विकत काय घेतलं? काही केल्या टोटल लागेना!

ग्रुपवर मात्र सगळ्यांना टोटल लागली होती. "वा! नाणं डब्यात ठेवून पैसे परत मागता?" "ठग कोण, ते कळलं!" आणि सगळ्यात वाईट ते हे, की "रशीदभाईंचा दोस्त म्हटल्यावर..." असं एकानं अर्धवट लिहून सोडून दिलं.

संध्याकाळी रशीदभाई स्वतः घरी आले. बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "भाऊ, एक इचारतो. तुमच्या मनात काई काळं नाई ना?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "आईच्यान, रशीदभाई! मलेच काई समजून नाई राह्यलं!"

रशीदभाईंनी चपला काढल्या. मग खाली बसले. "तुमचा तो पंचनामा हाये ना मोबाइलात? लावा."

लावला. आज रोजी, पंचांसमक्ष. विळा. टेप. कागद. आणि मग, डबीच्या आधी, पार्सलमधून एक बारकी कागदी पुडी बाहेर आली. मोबाइलातल्या मीनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन बोटांत धरली आणि सराईतपणे खांद्यावरून मागे भिरकावली!

"थांबवा," रशीदभाई म्हणाले. "हे काय फेकलं?"

आता हे तुम्हाला समजावून सांगावं लागेल. कपाशीच्या त्या थैलीसोबत बिगर-बीटी बियाण्याची एक बारकी पुडी येत असे. ती शेताच्या चारी कडांनी पेरायची, म्हणजे अळ्या तिकडे गुंततात, असं थैलीवर लिहिलेलं. लिहिलेलं असायचं, पण आमच्याकडे ती पेरली कोणी? थैली फोडली की पुडी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर! इतकी वर्षं हाताला तीच सवय. मोठं दिसलं की ते आपलं, आणि सोबत बारकं काही आलं की ते कंपनीनं उगाच दिलेलं. खरं नाणं त्या पुडीत होतं, आणि हत्ती ही खैरनारसाहेबांनी गिऱ्हाइकांना दिलेली फुकटची भेट!

"ते ठीक," रशीदभाई म्हणाले. "पण फेकलेली पुडी डब्यात गेली कशी?"

मंदा चहा घेऊन आली होती. तिनं मोबाइलात डोकावून पाहिलं.

"ते पुडी व्हय? मले झाडताना सापडली. उघडली तं तांब्याचा पैसा निंघाला. म्हटलं तुमचाच एखादा सांडला असंल. मंग देल्ला डब्यात टाकून."

"अवं, मंग मले सांगाचं नाई?"

"सांगाले आली होती ना! तुमी फोनवर त्या मानसाले ठग म्हणून राह्यले होते. मधात कोन बोलते?"

चहाचा घोट तोंडात असतानाच रशीदभाई हसायला लागले. पाच दिवसांचं साचलेलं हसू होतं ते. चहा माझ्या शर्टावर. तो पहिला शर्ट.

त्या रात्री मी माफी लिहायला बसलो, पण नुसती माफी कोण ऐकणार? रशीदभाईंचा शब्द धुऊन काढायचा तर एकच रस्ता होता. मी तो पंचनाम्याचा व्हिडिओ, अख्खाच्या अख्खा, ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'खैरनारसाहेब खरे. रशीदभाई खरे. पुडी फेकणारा मी.'

तो व्हिडिओ पुढे कुठे कुठे गेला, देवाला ठाऊक. खैरनारसाहेबांनी मोठ्या मनानं माफ केलं आणि नवा हत्ती पाठवू का म्हणून विचारलं. रशीदभाईंना पुन्हा पूर्वीसारखे प्रश्न यायला लागले. थोडा फरक पडलाय एवढंच. पूर्वी गिऱ्हाईक विचारायचं, "रशीदभाई, विकणारा कसा आहे?" आता विकणारे विचारतात, "रशीदभाई, हा घेणारा कसा आहे?" आणि ते फक्त माझ्याबद्दल!

रशीदभाई माझ्यासाठीही जबान देतात. दोस्त आहेत शेवटी. फक्त एक अट घालतात, आणि ती काय असते ते मला परवा कळलं. दारात कुरिअरवाला आला, मी हात पुढे केला, तर त्यानं पार्सल छातीशी धरून पत्ता वाचला.

"मंदाबाई हायेत का घरात? तुमच्या हातात द्याचं नाई म्हणून लिहेल हाये."