माझी ट्रान्सफर फी

डिचोलीच्या बसस्टँडमागे खानावळ चालवणाऱ्या मावशीमुळे मी आज गोलपोस्टखाली उभा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकीकत ऐकून लोक श्रेय देवाला देतात, नाहीतर आमच्या क्लबच्या अध्यक्षांना.

मी गडहिंग्लजचा. नववीत शाळा सोडली, घाट उतरलो आणि डिचोलीच्या एका क्लबात गोलकीपर झालो. अध्यक्षांना सगळे भाई म्हणायचे. त्यांचे ट्रक खाणीवर चालायचे आणि ट्रकांच्या कमाईवर क्लब. खाणी बंद पडल्या तसं सगळं थकलं: आमचे पगार, मैदानाचं भाडं, मावशीकडे आम्ही जेवायचो त्याचं वर्षभराचं बिल. ती तरीही शीतकढीचं ताट पुढे सरकवायची आणि पैशांचा विषय आमच्याजवळ कधी काढायची नाही.

नेमकं तेव्हाच कमिटीने परदेशी स्ट्रायकर आणायचं ठरवलं. हिशेब सरळ होता. तो गोल मारील, गोल बघायला लोक येतील, लोकांमागून स्पॉन्सर येईल, मग देणी फिटतील. ज्याला अजून कोणी पाहिलंही नव्हतं त्याच्या पायांवर सगळं कर्ज टाकून मंडळी शांत झोपू लागली. झोप उडाली ती माझी. स्ट्रायकर आणणाऱ्या एजंटाला आगाऊ रक्कम हवी होती, आणि विकण्याजोगा क्लबात मी एकटाच उरलो होतो.

म्हापशाचा एक क्लब मला घ्यायला तयार होता, पगारही दरमहा देणार होता. पण ट्रान्सफर फीचं नाव काढताच त्यांनी हात वर केले. त्यांचंच मागच्या स्ट्रायकरचं कर्ज फिटायचं होतं. इकडे भाई फीशिवाय मला सोडायला तयार नव्हते. ट्रान्सफरची मुदत संपत आली होती. ती गेली की गावी परत जायचं आणि वडिलांचं ‘मी सांगत नव्हतो?’ ऐकत बसायचं.

कमिटीतल्या एकदोघांना शंका आली, म्हणून रीतीप्रमाणे देवळात कौल लावला. गुरवाने देवाला ओल्या पाकळ्या लावून विचारलं, स्ट्रायकर आणावा का? उजवी पाकळी पडली, म्हणजे देवाचा होकार. भाईंनी डोळे पुसले. त्यानंतर पैशांचं काय, असं विचारणं म्हणजे देवावर अविश्वासच झाला असता.

ते विचारलं फुटबॉल असोसिएशनने. जुनी देणी असताना नवा खेळाडू नोंदवता येत नाही, असा नियम. आम्ही खेळाडूंनी अर्धा पगार घेऊन पूर्ण मिळाल्याच्या सह्या कधीच दिल्या होत्या. पण मावशीने थकलेल्या बिलाची असोसिएशनकडे तक्रार केली होती, आणि स्ट्रायकरची नोंदणी अडली ती तिथे.

सगळी कमिटी खानावळीत आली. मावशीने आधी त्यांना जेवू घातलं. देवाने उजवा कौल दिलाय, असं त्यांनी तिला सांगितलं.

“तुमी देवाक अर्धाच इचारलात,” ती म्हणाली. “पैसे खयसून येतले, ता कोण इचारतलो?”

“मावशी, तो येवंदे तरी. पयलो पैसो तुकाच,” भाई म्हणाले.

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. मावशीने माझ्याकडे बोट केलं. “माझी बाकी ऱ्हवांदे. ह्या झिलाक फुकट सोडा. हंयच बसान कागद करा, मगे मी तक्रार मागे घेतंय.”

भाईंनी मान खाली घातली. मला वाटलं, शरमले. ते हिशेब करत होते. माझी फी कुठूनच येणार नव्हती, आणि इथे खरंखुरं कर्ज मिटत होतं. जेवणाच्या टेबलावरच त्यांनी सही केली. कागद घ्यायला गेलो तर तो माझ्या हातून निसटून खाली पडला, तेव्हा मावशी म्हणाली, ह्या हातांनी बॉल पकडतोस?

भाईंनी आणखी कर्ज काढून एजंटाची रक्कम भरली आणि स्ट्रायकर आला. दोन गोल मारले आणि पगार मागितला. तो मिळेना तेव्हा तोही मावशीकडे जेवू लागला, आमच्यासारखाच, उधारीवर.

मला म्हापशात पगार मिळतो, उशिरा का होईना. दर वेळी त्यातले थोडे पैसे घेऊन डिचोलीला जातो. मावशी त्यांना हात लावत नाही, जेवायला बस म्हणते. पण माझी फी वर्षभर आम्हा पंचवीस जणांना वाढून तिने भरली आहे, हे मी विसरणार नाही. पुरेसे साठले की खानावळीवर नवे पत्रे घालून देईन. ते तिला परत करता येणार नाहीत.