ओबदुलियाचा कापरा हात

आमच्या ग्रानादा शहरात मुलीचा पंधरावा वाढदिवस लग्नासारखा थाटात होतो; त्याचा केक ओबदुलियाकडूनच यायचा. क्रीमवर ती नाव इतकं वळणदार लिहायची की सुरी लावायला जिवावर यायचं. पन्नाशीनंतर मात्र तिचा हात थरथरू लागला. मांडीवर निवांत ठेवला की काही नाही. क्रीमची पिशवी उचलली की सुरू. घोटभर रमनं तो तासभर थांबतो, हे तिला एका लग्नात कळलं. तेव्हापासून नाव लिहिण्याआधी ती स्वयंपाकघराचं दार लावून एक घोट घ्यायची, वर लवंग चघळायची.

एकदा क्लोतिल्दा लेकीचा केक न्यायला आली आणि केकशेजारी रमची बाटली पाहून दारातच थबकली. "अगं बाई! दिवसाढवळ्या? माझ्या पोरीचं नाव दारू पिऊन लिहिलंस?"

केक तिथंच राहिला. गल्लीत कुजबुज सुरू झाली, तशी ओबदुलियानं चर्चला जाणंही सोडलं. शेवटी धाकटी बहीण निदिया तिला ओढतच दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी तिला कागदावर वेटोळं काढायला लावलं, ते करवतीसारखं दातेरी आलं. या पेल्यातलं पाणी त्या पेल्यात ओतायला लावलं, निम्मं सांडलं. चालणं पाहिलं, रक्त तपासलं. मग विचारलं, "घरात आणखी कुणाचा हात असा कापायचा?"

"बाबांचा," निदिया म्हणाली. "पण ते प्यायचे."

"आधी पिणं, की आधी कापणं?"

ओबदुलिया आठवू लागली. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आधी अक्षरं वाकडी यायला लागली, बाटली नंतर आली, कामं गेली, आणि मरेपर्यंत गल्ली त्यांना बेवडाच म्हणाली. एकदा शाळेच्या वाटेवर त्यांनी हात केला, तेव्हा मैत्रिणीनं विचारलं होतं, "कोण गं तो?" ओबदुलिया म्हणाली होती, "काय माहीत."

"हा कंपवात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे कापरं घराण्यात उतरतं. रमनं घटकाभर थांबतं, पण तिची सवय लागते. दमा नाही ना? दमा असेल तर ही गोळी चालत नाही; नसेल तर घ्या. पूर्ण जाणार नाही, कमी होईल."

झालंही तसंच. बारीक नक्षी आता जमत नाही. नावं ती कोपर टेबलावर टेकवून लिहिते. हाताचं कळल्यावर क्लोतिल्दा माफी मागायला आली. ओबदुलियानं तिला कॉफी दिली. "तू निदान तोंडावर बोललीस," एवढंच म्हणाली.

बाबांच्या कबरीवर मात्र ती अजून गेलेली नाही. निदिया दर वेळी बोलावते.

"तू जा गं. मी कोणत्या तोंडानं येऊ?"