शेजारणीच्या हातातला रिपोर्ट

रिपोर्टच्या खिडकीसमोरच्या बाकावर आम्हा बायकांची एक रीत आहे. आपला रिपोर्ट आपण उघडायचा नाही, शेजारणीला द्यायचा. स्वतःचा आकडा बघायला धीर होत नाही, दुसरीचा मात्र नीट वाचता येतो. आम्हा सगळ्यांना स्तनाचा कर्करोग. केमोनंतर रक्तात पांढऱ्या पेशी किती उरल्यात, ते बघून पुढचा डोस द्यायचा की थांबायचं, हे डॉक्टर ठरवतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या पेशींवर आता माझी सगळी भिस्त. आणि इतकी वर्षं त्या माझ्या अंगात राबत होत्या, याची मला गंधवार्ताही नव्हती.

आज शेजारी बसलेल्या सुलभाताईंनी माझा रिपोर्ट उघडला. एरवी त्या लगेच म्हणतात, "छान आहे गं, उगाच घाबरतेस." आज त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं, वर गेलं, पुन्हा तिथंच आलं. मग त्यांनी कागदाची सावकाश घडी घातली आणि विचारलं, "सकाळी काही खाल्लंस का?"

मी "हो" म्हणाले. गेल्या खेपेला याच बाकावर एका बाईंचा रिपोर्ट वाचून मीही त्यांना हेच विचारलं होतं.