सासऱ्यांनी शिकवलेली स्कूटी

बेला या बाजारगावाजवळच्या तीन गावांतल्या बाळांना लस टोचायचं काम माझ्याकडे आहे. पूर्वी लशीचा डबा मांडीवर घेऊन मी फाट्यावर ऑटोत बसायची. ऑटो भरल्याशिवाय हलायचा नाही, आणि मी पोचेपर्यंत बाया लेकरांना घेऊन कापूस वेचायला गेलेल्या असायच्या. एकदा एकही बाळ भेटलं नाही. त्या दिवशी मी ओसरीवर बसून रडले.

सासऱ्यांनी ते पाहिलं. आठ दिवसांनी ते आदिलाबादहून माझ्यासाठी जुनी स्कूटी घेऊन आले.

"मामाजी, मी पडन ना," मी म्हणाले.

"पडशीन त उठशीन. काऊन भेतं?"

ज्वारी काढलेल्या वावरात मी स्कूटी शिकले. साठी उलटलेले सासरे एका हातात धोतर धरून माझ्यामागे धावत होते. बांधावरची माणसं हसायला लागली, तेव्हा ते थांबून म्हणाले, "माई सून नोकरीले जाऊन राह्यली, तमाशाले नाई."

आता बाया शेतात निघायच्या आधीच मी गावात हजर असते. आमच्या घरात आभार मानायची रीत नाही. मग एका बाजाराच्या दिवशी मी सासऱ्यांना मागे बसवून बेल्याला नेलं. वाटेत भेटेल त्याला ते हात करत होते.