एवेलिओचे बारा डबे

एवेलिओ कार्मेनातेने साखर कारखान्यात तीस वर्षं दाबमापकांचे काटे सरळ केले. मग कारखानाच बंद पडला, काटे शून्यावर टेकले आणि एवेलिओ घरी बसला. बसलेल्या माणसाला बायको कामं सांगते हे ओळखून त्याने लगेच ‘पुडक्या’चं काम धरलं. दर सोमवारी राजधानीहून एक हार्ड डिस्क येते. तिच्यात आठवडाभराच्या मालिका, सिनेमे, बेसबॉलचे सामने, सगळा ऐवज. एवेलिओ तो पेनड्राइव्हवर उतरवून घरोघरी पोचवायचा. इंटरनेट आमच्या गावात येतं, पण जावयासारखं, मर्जी असेल तेव्हा. पुडकं मात्र कधी चुकलं नाही.

गावात आळ्या दोन. रेल्वेरुळांच्या अलीकडच्यांना खेकडे म्हणतात, पलीकडच्यांना घुबडं. डिसेंबरच्या जत्रेत दोघांचे तीनमजली चित्ररथ निघतात. निकाल द्यायला कुणी नसल्यामुळे दरवर्षी दोघंही जिंकतात. पण रथाचा आराखडा आधी फुटला तर मात्र वादच उरत नाही, नाक कापलं ते कापलंच. गेल्या वर्षी खेकड्यांचं नाक त्यांच्यातल्याच एवेलिओने कापलं.

झालं असं की आळीचा अध्यक्ष लादिस्लाओ न्हावी याने आराखड्याचा पेनड्राइव्ह त्याच्याकडे सांभाळायला दिला होता. पुडकं भरताना एवेलिओचं बोट घसरलं आणि खेकड्यांचा अख्खा राजवाडा, कमानी-खिडक्यांसकट, तुर्की मालिकेच्या चौऱ्याऐंशीव्या आणि पंच्याऐंशीव्या भागांच्या मधोमध जाऊन बसला. बाकी गावाने तो मालिकेचाच भाग समजून पाहिला. घुबडांनी नीट पाहिला. जत्रेच्या दिवशी खेकड्यांचा रथ निघायच्या तासभर आधी घुबडांनी हुबेहूब तोच राजवाडा गाढवाच्या गाडीवर बांधून गावभर फिरवला, रथात बसणाऱ्या राणीच्या जागी कोंबडी बसवून.

शिक्षा म्हणून एवेलिओच्या घरचा झेंडा गेला. मिरवणुकीत खेकड्यांचा लाल झेंडा धरण्याचा मान कार्मेनातेंचा. आजाने धरला, बापाने धरला, एवेलिओने बावीस वर्षं धरला. आता तो लादिस्लाओच्या मेहुण्याकडे गेला, ज्याला जत्रेच्या दिवशी सरळ उभंही राहता येत नाही. बैठकीच्या भिंतीवर रिकामा खिळा राहिला. "कॅलेंडर लावू तिथे," एवेलिओची बायको निउर्का म्हणाली. तो तीन दिवस तिच्याशी बोलला नाही. जेवताना तो त्या खिळ्याकडे पाठ करून बसायचा.

या वर्षी पेट्रोल नव्हतं, बस नव्हती, आणि आराखडा तर एकोणीस कारागिरांपर्यंत पोचवायचा होता. एवेलिओ आळीच्या सभेत उभा राहिला.

"काम माझ्यावर सोपवा. गुपित राहिलं तर झेंडा परत द्या."

"आणि फुटलं तर?" लादिस्लाओने विचारलं.

"तर घुबडांच्या आळीत राहायला जातो."

"तिकडे कोण घेणार तुला?" मागून कुणीतरी म्हणालं. पण दुसऱ्या कुणाला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून काम मिळालं.

एवेलिओची युक्ती अशी. आराखडा एका जागी ठेवायचाच नाही. त्याला कुलूप लावायचं, त्याचे बारा तुकडे करायचे आणि बारा खेकड्यांच्या बारा घरांत एकेक ठेवायचा. कोणतेही सात तुकडे हाताशी असले की चित्र पुरं होतं, त्यामुळे पाच घरांची लाईट गेली तरी काम अडत नाही. एका घरातून चोरी झाली तर चोराच्या हाती भुसा. यासाठी त्याने पेरूच्या वड्यांचे बारा रिकामे पत्र्याचे डबे घेतले प्रत्येकात एक जुनी डिस्क बसवली आणि प्रत्येक घराला आपल्या डब्याचा पासवर्ड दिला. गावातल्या पोरांनी खेळांसाठी गच्च्यागच्च्यांवर अँटेना लावून जाळं विणलेलंच होतं. डबा कुठेही ठेवा, जवळचा अँटेना शोधून आपणच जोडला जायचा. एवेलिओला या गोष्टीचा फार अभिमान होता.

खरं घोडं पुढे अडलं. कारागिरांनी फोनवर चित्रं बघावीत म्हणून त्याने एक साइट उघडली होती, जिथे फायली ठेवता याव्यात, वाटता याव्यात. पण साइट म्हणायची, फाईल कुठे आहे ते एकच ठिकाण सांग. डबे म्हणायचे, आम्ही बारा आहोत. सासू-सुनेसारखं झालं, दोघी आपापल्या जागी शहाण्या आणि बोलणं बंद. दोघींच्या मध्ये निरोप्या म्हणून एक छोटा प्रोग्राम लिहायला एवेलिओला तीन महिने लागले. ज्या दिवशी सुताराच्या फोनवर ‘पाताळाची राणी’ हा रथ पूर्ण उमटला, त्या दिवशी तो न्हाणीघरात जाऊन रडला.

त्यानंतर त्याला यशाची चढली. साइटच्या कोपऱ्यात बारा ठिपके होते, डबा चालू असला की हिरवा, बंद पडला की लाल. गावात सोळा-सोळा तास लाईट जात होती आणि बाराही ठिपके हिरवेगार. लादिस्लाओच्या दुकानात, अर्ध्या दाढीचा साबण तसाच ठेवून, एवेलिओ व्याख्यान द्यायचा. "याला केंद्र नाही. याला मालक नाही. डोकंच नाही, तर कापणार काय?"

"तुझ्यावरच बेतलंय म्हण की," लादिस्लाओ म्हणायचा. पण प्रभावित झाला होता.

जत्रेला नऊ दिवस होते. दुपारी लाईट गेलेली, निउर्का अंगणात तांदूळ निवडत होती आणि एवेलिओ फोनवरचे ठिपके डोळे भरून पाहत होता. पहिला ठिपका त्याच्याच घरचा. तोही हिरवा.

"निउर्का, घरात लाईट नाहीये ना?"

"सकाळपासून नाही."

"मग आपला डबा चालू कसा?"

निउर्काने खडे वेचणं थांबवलं नाही. "आपला डबा इथे कुठाय. एदेल्मिराबाईंकडे ठेवलाय. त्यांची दवाखान्याची लाईन, कधी जात नाही. आपलं डुकराचं मांस पण तिथेच आहे, फ्रीजरमध्ये."

एदेल्मिरा म्हणजे दवाखान्याची निवृत्त नर्स, रुळांच्या पलीकडची, जन्मजात घुबड. घुबडांचा रथ रचणारा तिचा सख्खा भाऊ.

"एकच तर डबा," निउर्का म्हणाली. "तूच सांगतोस ना, एका डब्याने काय होतं?"

तो तसाच निघाला. एदेल्मिराबाईंचं दार उघडं होतं. बैठकीत शिवणयंत्रावर घुबडाचे पंख अर्धवट शिवून पडले होते. शेजारच्या टेबलावर क्रोशाचं आच्छादन, त्यावर पेरूच्या वड्यांचे बारा डबे ओळीने मांडलेले आणि त्यांच्यावर मायेने सोडलेला पंखा. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी, पट्टीवर त्या-त्या घराच्या अक्षरात पासवर्ड. पाठ करा, असं त्याने बजावलं होतं, आणि विसरू नये म्हणून सगळ्यांनी तो जिथे लागतो तिथेच लिहून ठेवला होता. बाराही घरांनी, एकमेकांना न सांगता, आपला एकच तर डबा असं म्हणत तो इथे आणून दिला होता. लादिस्लाओचासुद्धा होता.

"बस," एदेल्मिराबाई म्हणाल्या. "कॉफी घे. लहानपणी टोचताना सुद्धा तुझं तोंड असं पडलं नव्हतं."

"उघडून पाहिलंत?"

"पहिल्याच आठवड्यात. पाताळाची राणी, अकरा पायऱ्या, डोक्यावर शिंपल्यांचा मुकुट."

झेंडा गेला, एवढंच एवेलिओच्या मनात आलं. "भावाला सांगितलंत?"

"सांगण्यासारखं काही असतं तर सांगितलं असतं." त्यांनी कप पुढे सरकवला. "शिंपल्यांचा मुकुट, एवेलिओ. माझ्या आजीच्या वेळी जुना झाला होता तो."

एवेलिओने कप उचलला. मग त्याच जरा हळू आवाजात म्हणाल्या, "नवरा गेल्यापासून आठ वर्षं रुळांपलीकडून या दारात कुणी आलं नव्हतं. आता रोज बाराजणं येतात. आपला डबा बघायला, मांस न्यायला, फोन चार्ज करायला. बसतात, बोलतात. मी गुपित फोडलं असतं तर दुसऱ्या दिवशी कोण आलं असतं?"

एवेलिओने कॉफी संपवली. मग त्याने पंखा थोडा डब्यांकडे वळवला.

"आणि एक," निघताना त्या म्हणाल्या, "तुमचा रथ चर्चच्या कोपऱ्यावरच्या तारांना लागणार. मुकुट हातभर उंच झालाय. तुमच्या सुताराला मोजता येत नाही, मला येतं."

एवेलिओने सभेत सांगितलं की बारा डब्यांनी मिळून हिशोब केला आणि मुकुट हातभर कमी हवा. सुतार चिडला, पण यंत्राशी कोण भांडणार. मुकुट कापला. जत्रेच्या आदल्या दिवशी लादिस्लाओने सगळ्यांसमोर झेंडा त्याच्या हाती दिला. "याला केंद्र नाही, याला मालक नाही," लादिस्लाओ गंभीरपणे म्हणाला. बाराही घरांनी टाळ्या वाजवल्या, प्रत्येक जण दुसऱ्याची नजर चुकवत.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना मिरवणूक निघाली. चर्चच्या कोपऱ्यावर रथ तारांखालून बोटभर जागा ठेवून सुटला आणि खेकड्यांनी एवेलिओच्या नावाचा गजर केला. पुढे रूळ ओलांडून दवाखान्याचा रस्ता. एदेल्मिराबाई घुबडांचा निळा रुमाल गळ्यात बांधून दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांच्यासमोर आल्यावर एवेलिओ थांबला आणि तीन पिढ्यांत कुणापुढे न झुकलेला लाल झेंडा त्याने झुकवला, इतका की झालर त्यांच्या पायरीला टेकली.

लादिस्लाओ धावत आला. "घुबडाच्या दारात? काय झालं रे?"

"वारा," एवेलिओ म्हणाला.

त्या दिवशी गावात झाडाचं पानही हलत नव्हतं.