दुपट्यातलं कुलूप

वजनवाल्या ताई रोज सकाळी घराबाहेर पडण्याआधी दारामागच्या खिळ्याला काटा अडकवायच्या, त्याच्या झोळीत मिठाचा किलोचा पुडा ठेवायच्या आणि सुई बरोबर एकवर थांबेपर्यंत काट्याचा उद्धार करायच्या. त्या पुड्यातलं मीठ वापरायची घरात कोणाची छाती नव्हती. "आमच्याकडे मीठसुद्धा ड्यूटीवर असतं," असं त्यांचा नवरा म्हणायचा.

बावीस वर्षं त्या दवाखान्याकडून बाळंतिणींच्या घरी जात होत्या. काम म्हटलं तर सोपं. बाळ उघडं करायचं, झोळीत ठेवायचं, आकडा वहीत लिहायचा. पण बाळ उघडं करण्यातच अर्धं आयुष्य गेलं. कुठे चाळीस दिवस खिडकी उघडायची नाही. कुठे नखं कापली तर बाळ मोठेपणी चोर निघणार. कुठे देखण्या बाळाला 'आमचं माकड' म्हणायचं, आणि ताईंनीही म्हणायचं. एकदा चुकून "गोड आहे हो" असं तोंडून निघालं, तर त्या घरच्या आत्याने त्यांना रस्त्यावरून परत बोलावून बाळावर थू थू करायला लावलं होतं.

शिंप्याच्या घरची आजी या सगळ्यांच्या वरताण होती.

"मोजायचं कशाला? मोजलेलं पोर वाढत नाही."

"आजी, न मोजता कळणार कसं वाढतंय की नाही?"

"मी चार वाढवली. एकाला तरी काट्याला टांगलं होतं का?"

पहिल्या मंगळवारी तासभर घासाघीस झाली. शेवटी ठरलं, की बाळ दुपट्यांसकट तोलायचं आणि दुपट्यांचे दोनशे ग्रॅम वजा करायचे. घरात कापडाला तोटा नव्हता, दुपटीही चार होती. जन्माचं वजन दोन किलो आठशे, आठवड्याचं निघालं दोन सहाशे पन्नास. पहिल्या दिवसांत तेवढं उतरतंच. ताईंनी 'ठीक' लिहिलं आणि घाम पुसला.

दुसऱ्या मंगळवारी वजा जाता दोन किलो नऊशे भरलं. ताईंना बरं वाटलं. आजी बघत नाही असं पाहून त्यांनी सुनेला डोळ्यांनी शाबासकीही दिली. 'ठीक' लिहून वही मिटली आणि बाळाला झोळीतून उचलायला हात घातला. बोटांना काहीतरी थंड, टणक लागलं.

दुपटी सोडली. बाळाच्या पाठीशी, फडक्यात गुंडाळलेलं, दुकानाच्या शटरचं जुनं लोखंडी कुलूप.

"आजी, हे काय?"

"कुलूप."

"ते दिसतंय मला!"

"नजरेसाठी ठेवलंय. तुम्ही मोजून गेलात ना, त्या रात्रीपासून."

ताईंनी कपाळाला हात लावला. मग तोच हात बाळाच्या मांडीवर ठेवला. कातडी सैल झाली होती, बोटात धरली तर सुरकुती तशीच राहत होती. त्यांनी नुसतं कुलूप झोळीत टाकलं. चारशे ग्रॅम. म्हणजे बाळ अडीच किलो. आठवड्यात चढलं नव्हतं, उतरलं होतं. आणि वहीत त्यांच्याच अक्षरात 'ठीक'. आजीचा राग आलाच, पण वादाला कंटाळून दुपट्यांवर मांडवली करणाऱ्या बाईचा जास्त आला.

"लंगोट किती ओले होतात?"

सून इतका वेळ भिंतीला टेकून होती. "दोन. कधी तीन." मग आणखी हळू, "रडलं की आई साखरपाणी देतात. मग झोपतं. पाजायला घेतलं तर ओढतच नाही."

"ओढेल कसं? पाण्यानेच पोट भरलंय!" ताईंचा आवाज चढला. "साखर बंद, पाणी बंद. फक्त अंगावरचं दूध, दर दोन तासांनी, झोपलं असेल तर उठवून. आणि आत्ता डॉक्टरांकडे चला. आणि ते कुलूप..."

"कुलूप नाही काढायचं." आजीने ते झोळीतून उचलून छातीशी धरलं. "माझा पहिला सोळाव्या दिवशी गेला. कोणीतरी म्हणालं होतं, किती भरलंय पोर."

ताईंच्या जिभेवर बरंच काही होतं. बावीस वर्षांचं होतं. त्यांनी ते गिळलं.

"पाळण्याच्या पायाला बांधा," त्या म्हणाल्या. "लोखंड तिथूनही लोखंडच. पण बाळाच्या अंगाशी नको, आणि पुढच्या वेळी बाळ उघडं हवं मला."

"आकडा मोठ्याने नाही बोलायचा."

"नाही बोलणार, बाई!"

डॉक्टरांनी तपासलं, आजार नव्हता, भूक होती. मग ताई रोज वाट वाकडी करून येत राहिल्या, नुसते ओले लंगोट मोजायला. चौथ्या दिवशी सहा झाले. आजीने साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला, पण तोंड मात्र आठवडाभर फुगलेलंच होतं.

तिसऱ्या मंगळवारी बाळ उघडं झालं. झोळीत ठेवल्याबरोबर त्याने टाहो फोडला, आणि आजी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सुई थरथरली, थांबली. ताईंनी ती दोनदा वाचली. वहीत आकडा लिहून वही सुनेपुढे धरली: दोन किलो सातशे वीस. सुनेने ओठ दाबले.

"चढलं का?" आजीने भिंतीलाच विचारलं. "आकडा नको. चढलं का तेवढं सांगा."

"चढलं."

आजी वळली नाही. पदराने नाक पुसून म्हणाली, "चहा टाकते."

"नको, अजून चार घरं आहेत," काटा पिशवीत कोंबत ताई म्हणाल्या. "आणि याला घ्या आधी कोणीतरी, भूक लागलीय त्याला."