चुन्याच्या भिंतीला सिमेंट

माझा नवरा मनोहर स्वभावाने वाईट नाही, पण मेला ऐकत कोणाचं नाही. नागपूरला इंजिनिअर झाला, एकोणसत्तर साली ओहायोत आला आणि रिटायर होईपर्यंत हायवेचे पूल बांधले. त्यातला एकही पडला नाही, हे जेवायला आलेल्या प्रत्येकाला सांगायचा. आता नाही सांगत. २००१ मध्ये ओहायोतल्याच डब्लिन गावातलं आमचं चांगलं चार बेडरूमचं घर विकलं आणि मला घेऊन अर्ध्या तासावरच्या हेझलबरी नावाच्या खेड्यात राहायला आला. कशासाठी? तर एका बुटक्या विटांच्या कॉटेजसाठी!

हे गाव इंग्लंडहून आलेल्या शेतकऱ्यांनी वसवलेलं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या खेड्यात होती तशीच घरं इथे बांधली. खाली उतरत आलेलं छप्पर, हातभर खिडक्या, आणि एका बाजूच्या भिंतीत भलंमोठं धुराडं. अशी घरं थोडीच उरलीत, म्हणून गावाची एक कमिटी ती सांभाळते. दाराचा रंग बदलायचा तरी कमिटीसमोर जाऊन उभं राहायचं. वरच्या खोलीत मनोहरचं डोकं रोज तुळईला आपटायचं, आणि कपाळ चोळत हा त्या तुळईचंच कौतुक करायचा.

घर विकणाऱ्या मिसेस हॉलिस तेव्हा पंच्याऐंशीच्या होत्या. त्यांच्या पणजोबांनी ते बांधलेलं. मागच्या जागेवर टाउनहाउस बांधणारा बिल्डर दुप्पट किंमत द्यायला तयार होता, त्याला त्यांनी हाकलून लावलं. मनोहरचा हात धरून म्हणाल्या, "तू इंजिनिअर आहेस. तू हे पडू देणार नाहीस." झालं! त्या दिवसापासून ते घर आमचं नव्हतंच, त्यांनी विश्वासाने याच्याकडे ठेवायला दिलेलं होतं. दर मे महिन्यात हा त्यांना वृद्धाश्रमातून घेऊन यायचा. त्या धुराड्याच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसायच्या, मी आलं घातलेला चहा द्यायचे.

दुसऱ्या उन्हाळ्यात मनोहरला दिसलं, की त्या भिंतीच्या विटांमधला चुना भुसभुशीत झालाय. बोट लावलं की पांढरी भुकटी गळायची. "अगं, असल्या भरवशावर भिंत उभी आहे?" मी म्हटलं, कमिटीला विचार. तर माझ्यावरच उखडला. "दाराचा रंग विचारून लावला ना? आता डागडुजीपण विचारून करू? मग इतकी वर्षं मी काय झक मारली?"

स्वतः शिडीवर चढला. सगळा चुना खरवडून काढला आणि एकास तीन वाळू घालून सिमेंट भरलं, धरणाला घालावं तसं पक्कं. रविवारी डब्लिनचे मित्र बघायला आले. अनिल म्हणाला, "वा, मनोहर! आता शंभर वर्षं बघायला नको." मीसुद्धा हौसेने सगळ्यांना बटाटेवडे केले.

दोन हिवाळे ठीक गेले. तिसऱ्या बर्फानंतर भिंतीखाली लाल चुरा दिसायला लागला. मग विटांचे पापुद्रे सुटायला लागले. सिमेंट होतं तिथेच घट्ट, आणि वीट आपली आत आत झिजत चाललेली. मनोहर रोज चुरा झाडून गोळा करायचा आणि कोणी बघायच्या आत टाकून द्यायचा. जेवण तुटलं त्याचं. काय झालं विचारलं, की अंगावर यायचा.

शेवटी कमिटीची आर्किटेक्ट आली. बाई शांत. म्हणाली, या विटा हाताने थापलेल्या, मऊ आहेत, पाणी पितात. ते पाणी चुन्यातून बाहेर पडतं. चुना झिजतो, तो झिजायसाठीच असतो. तो नवा भरत राहायचं, म्हणजे वीट शाबूत राहते. तुम्ही पाण्याची वाटच बंद केलीत. ते आत गोठलं, फुगलं आणि विटा फुटल्या.

"मग मी सिमेंट काढतो," मनोहर म्हणाला.

"काढायला गेलात तर विटाही येतील."

तरी बसला छिन्नी घेऊन. सकाळपासून अंधार पडेपर्यंत तेच. सिमेंटचा तुकडा निघायचा तो विटेची कड घेऊनच. मी ओरडले, रडले, "अरे, पुरे कर रे, बोटं बघ तुझी!" तर म्हणायचा, "रत्ना, एक तरी अख्खी निघेल." एकही निघाली नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये धुराडं झुकलं. गावाने घर धोकादायक ठरवलं. भिंत गेली की छप्पर जाणार, आणि जुनं काही उरलंच नाही तर कमिटी तरी काय सांभाळणार? घर पाडायचा हुकूम निघाला. आता जागा तरी विकाल का, विचारायला बिल्डरचा माणूस फुलं घेऊन आला. मी त्याच्या तोंडावर दार लावलं.

मे आला. मी म्हटलं, या वर्षी त्यांना आणू नकोस, तब्येतीचं काहीतरी सांग. ऐकेल तर ना! घेऊन आला. त्यांना आता नीट दिसत नव्हतं. भिंतीला लावलेले टेकू बघून त्यांना वाटलं, काम चाललंय. "तू अजून किती काळजी घेतोस," म्हणाल्या. मला वाटलं, आता हा गप्प राहील. देवा, गप्प राहा रे!

मनोहरने त्यांचा हात धरून फुटक्या विटेवर ठेवला. "हे मी केलंय," म्हणाला. "पडू नये म्हणून सिमेंट भरलं, आणि त्यानेच वाट लागली. पुढच्या आठवड्यात घर पाडतायत."

त्या भिंतीवरून हात फिरवत राहिल्या. तळहात लाल झाला. मग म्हणाल्या, "बिल्डरने पाडलं असतं, तर मला त्याच्यावर चिडता तरी आलं असतं."

चहा घेतला नाही. परत सोडा म्हणाल्या. मनोहर धावत जाऊन गाडीचं दार उघडून उभा राहिला. त्या त्याच्याकडे न बघता मला म्हणाल्या, "रत्ना, तू चालव." मनोहरने किल्ली माझ्या हातात दिली.